ससाण्याचा डावा खांदा

मास्तरांना बोलायची भारी हौस, आणि धंदा नेमका असा पत्करलेला की ज्यात तोंड बंद ठेवावं लागतं. त्यांच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लागली की शिंप्याच्या तोंडाला कुलूप लागलं पाहिजे. माप मोठ्याने म्हणायचं नाही, तिसऱ्या माणसासमोर तर नाहीच नाही. कुणाची कंबर किती सुटली, कुणाचा कुठला पाय आखूड, छातीत माणूस किती आणि कापूस किती, हे सगळं खडूने कापडाच्या उलट्या बाजूला लिहायचं आणि कपडा तयार झाला की ब्रशने झटकून टाकायचं. वस्ताद जाऊन जमाना झाला. ससाण्याच्या बाबतीत मास्तरांनी ही शिस्त एकतीस वर्षं पाळली, आणि मोडली ती थेट टीव्हीवर.

ससाणा म्हणजे तोच, गाणारा. त्याच्या गाण्यांवर एक पिढी प्रेमात पडली आणि दुसरी गाडी चालवायला शिकली. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही. स्टेजवर येऊन तो दोन्ही हात पसरायचा, मागून दिवे लागायचे आणि त्या रुंद, ताठ खांद्यांची सावली पार मागच्या भिंतीपर्यंत जायची. कुठल्याशा वर्तमानपत्राने ससाणा म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. लोक गाणं ऐकायला यायचे हे खरं, पण खांदे बघायलाही यायचे.

आणि ते खांदे मास्तरांनी शिवलेले होते. तो पहिल्यांदा जिना चढून आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, अंगात कुणाचा तरी मागून आणलेला कोट. म्हणाला, मास्तर, असा कोट शिवा की मी सरळ दिसलो पाहिजे. मास्तरांनी टेप लावली. डावा खांदा उजव्यापेक्षा पावणेदोन इंच खाली. का, कशाने, हे विचारायचं नाही अशी शिस्त, म्हणून विचारलं नाही. कॅनव्हासवर कापसाचे थर एकावर एक बसवून त्यांनी डाव्या बाजूचं पॅड तयार केलं, मानेकडे निमुळतं, दंडाकडे जाड. तरीही शिवण तिरकी दिसत होती. मग ती झाकायला डावीकडची कॉलर उजवीपेक्षा दोन बोटं रुंद कापली. अडचणीतून काढलेली ती वाट, दुसरं काही नाही. पण पुढच्या वर्षी गावोगावची पोरं शिंप्यांकडे जाऊन एका बाजूची कॉलर रुंद करून मागायला लागली. ज्यांना देवाने सरळ खांदे दिले होते, तीसुद्धा. त्याला 'ससाणा कट' म्हणत.

पहिल्या वर्षी मास्तर त्याला 'अरे' म्हणायचे, तिसऱ्या वर्षी 'अहो' म्हणायला लागले. आतल्या खोलीत त्याच्या मापाचा पुतळा उभा राहिला, पावणेदोन इंच तिरका, त्यावर कायम चादर टाकलेली. मग एक डिझायनर आला. तो चित्रं काढायचा. चित्रात खांदे सरळच असतात, त्याला काय जातंय. कोटाच्या आत लेबल त्याचं लागायचं, मासिकात फोटो त्याचा छापून यायचा, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तीन मशीन आणि दोन कारागीर घेऊन बसलेल्या मास्तरांचं नाव कुठे म्हणजे कुठेही नाही. हे दुखणं मास्तरांनी जगापासून लपवून ठेवलं होतं आणि रोज जेवताना बायकोच्या कानावर घातलं होतं. बायको काजं करता करता ऐकायची. तिला हे सगळं पाठ झालं होतं.

अशा माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कितीसा वेळ लागतो? ससाण्याच्या कारकिर्दीवर कार्यक्रम करणारी एक मुलगी कॅमेरेवाल्याला घेऊन आली. चलाख पोर. तिने आधी मास्तरांच्या हाताची तारीफ केली, मग कात्रीची केली, मग सहज म्हणाली की डिझायनरसाहेब तर म्हणतात, तुम्ही फक्त त्यांच्या चित्रावरून शिवता. झालं. मास्तर उठले, आत गेले, आणि पुतळ्यावरची चादर त्यांनी ओढून काढली.

"हा बघा ससाणा," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, आणि पुतळ्याच्या डाव्या खांद्यावर त्यांनी थाप मारली. "पावणेदोन इंच खाली. जगाने जे खांदे पाहिलेत ना, ते माझे आहेत."

मुलीचे डोळे चमकले. डोळे चमकलेले मास्तरांनी आयुष्यात फार कमी पाहिले होते, निदान आपल्या बोलण्याने चमकलेले. त्यांना चेव चढला. तिने विचारलं नव्हतं तेही त्यांनी सांगितलं. हसत हसत म्हणाले की स्टेजचं सोडा, ह्या माणसाला झोपताना घालायचे शर्टसुद्धा पॅड लावून लागतात. दर वर्षी चार. मऊ कापडाचे, आत पातळ पॅड. आता झोपेत कोण बघायला येतंय? पण मोठ्या माणसांचे नखरे म्हणतात ते हेच. कॅमेरेवाला खुदकन हसला. मास्तरही हसले. आतल्या दारात बायको उभी होती, ती हसली नाही.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी लागला. सोमवारपासून मास्तरांचा जिना रिकामा राहीना. शेजारी आले, जुनी गिऱ्हाइकं आली, समोरच्या दुकानातला चष्मेवाला खास आत येऊन पुतळ्याला हात लावून गेला. झोपायच्या शर्टावर पोराटोरांनी विनोद केले, उशी खांद्याला बांधून नकला केल्या, आणि त्या नकला फोनवर घरोघर फिरल्या. शहाणी माणसं कळवळली. केवढं मोठं व्यंग लपवून बिचारा एवढा मोठा झाला, असं लिहिणारेही निघाले. एकतीस वर्षांत ज्याला कुणी बिचारा म्हटलं नव्हतं, त्याला एका आठवड्यात सगळे बिचारा म्हणायला लागले. मास्तरांच्या हे डोक्यात शिरलं नाही, कारण डोक्यात दुसरंच बरंच काही भरलं होतं. एका पेपरात त्यांचा फोटो आला होता.

बायकोने फक्त एकदाच विचारलं, "अहो, झोपायच्या शर्टाचं का सांगितलंत?"

"का म्हणजे? खोटं आहे का?"

"खोटं नाही म्हणूनच विचारते," ती म्हणाली, आणि पुन्हा काजाला लागली. मास्तर मनात म्हणाले, हिला कौतुक बघवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी ससाणा आला. मोठा झाल्यापासून तो गिरणीतल्या माणसासारखा वेळेवर यायचा, आधी निरोप पाठवून, मागच्या जिन्याने. त्या दिवशी पुढच्या जिन्याने आला, न कळवता. कारागीर उभे राहिले. तो सरळ आतल्या खोलीत गेला, पडदा ओढला आणि स्टुलावर बसला. मापाच्या खोलीत तो कधी बसल्याचं मास्तरांना आठवेना. मास्तरांनी घाईघाईने काहीतरी बोलायला सुरुवात केली, कार्यक्रम छान झाला वगैरे, आणि मध्येच त्यांची गाडी अडली, कारण समोरचा माणूस रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मास्तरांनी त्याला उत्तरं तयार ठेवली होती.

"तुम्ही खोटं काही बोलला नाहीत मास्तर," तो म्हणाला. "म्हणून भांडायला आलो नाही. एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती, ती सांगायला आलोय."

मग त्याने सांगितलं, गाणाऱ्या गळ्याने नव्हे, अगदी साध्या आवाजात. तो नऊ वर्षांचा होता. आई लाँड्रीत कपडे धुवायची, दिवसभर पाण्यात हात. एका संध्याकाळी तिने स्टोव्हवर दूध ठेवलं आणि त्याला लक्ष ठेवायला सांगितलं. त्याला जिन्यात उभं राहून भिंतीकडे तोंड करून गायची खोड होती, तिथे आवाज घुमायचा म्हणून. दूध उतू गेलं, भांडं करपलं. आई दमून भागून आलेली, रागाच्या भरात तिने त्याला एक धक्का दिला. अकरा पायऱ्या. हाड मोडलं आणि जुळलं ते वाकडंच जुळलं. त्यानंतर तिने त्याच्यावर कधी हात उचलला नाही, पण रोज सकाळी त्याच्या पाठीमागे उभी राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बघायची, सारखे झाले का. दहा वर्षं बघत होती. बघून झालं की काही न बोलता कामाला जायची.

"तुम्ही पहिला कोट शिवलात, तो घालून मी घरी गेलो. म्हटलं, आई, मोठ्या डॉक्टरने सरळ करून दिला. त्या दिवसापासून तिने हात ठेवून बघणं सोडलं." मग म्हणाला, "लोकांना माझा खांदा कसा दिसतो याची मला कधी फिकीर नव्हती मास्तर. पहिल्या रांगेत ती बसायची."

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

तो कोट मिळाला त्याच महिन्यात तो वेगळा राहायला गेला होता. पुढे दर गुरुवारी आईकडे मुक्कामाला जायला लागला. तिच्या हातचं जेवून, तिथेच जमिनीवर अंथरूण घालून झोपायचा. बावीस वर्षं हा नेम होता. झोपायचे चार शर्ट त्यासाठी होते. आता दोन गुरुवार तो गेला नव्हता, फोनवर कामाचं निमित्त सांगितलं होतं, आणि आईनेही 'बरं' म्हणून फोन ठेवला होता, काही न विचारता.

"आता काय घालून जाऊ?" त्याने विचारलं. "पॅडचा घातला तर तिला कळणार. साधा घातला तर तिला दिसणार. तुम्ही एवढे कपडे शिवलेत माझे, तुम्हीच सांगा."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते मास्तरांना आजवर नाटकी वाटायचं. त्या क्षणी त्यांनी खरोखर खाली बघितलं. फरशीवर कालच्या कापडाची कातरण पडली होती. मला माहीत नव्हतं, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"माहीत नसतं म्हणूनच तर तोंड बंद ठेवायचं असतं," ससाणा म्हणाला. "तुमच्या वस्तादांचं हे तुम्हीच मला शंभर वेळा सांगितलंत." हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. उठला, पडदा बाजूला केला, कारागिरांना नमस्कार करून निघून गेला.

पुढचे दोन दिवस मास्तरांना घास गेला नाही. कापताना एका गिऱ्हाइकाची बाही चुकली. पुतळ्यावर त्यांनी पुन्हा चादर टाकली, पण चादरीखालूनही तो तिरका दिसायचा. रस्त्यात कुणी 'काय मास्तर, टीव्हीवाले' म्हणून हाक मारली की त्यांना कानशिलात बसल्यासारखं वाटे. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की जिभेने केलं ते जिभेनेच निस्तरायचं. ससाण्याच्या ड्रायव्हरकडून पत्ता घेतला, स्वच्छ सदरा घातला, आणि काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं. आपण बढाई मारली असं सांगायचं. खांदा बरा आहे, अगदी सरळ आहे, पुतळा दुसऱ्या कुणाचा आहे. म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल, पोरगा गुरुवारी घरी जाईल. आपली नाचक्की झाली तर झाली. मनातल्या मनात त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. मोठेपणाची सवय अशी लवकर सुटत नाही.

आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. मुलाने बंगला देऊ केला तरी ती हलली नव्हती. दोन लहान खोल्या, पुढे सज्जा, सज्ज्यात दोरीवर कपडे, एकाही कपड्याला सुरकुती नाही. पंचाहत्तरी ओलांडलेली, काटकुळी, हाताची कातडी पाण्याने पांढरी पडलेली ती पडलेलीच. दार उघडून तिने मास्तरांना नीट पाहिलं.

"या मास्तर," ती म्हणाली. "टीव्हीत जाड दिसता."

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले आणि घोकलेलं सगळं बोलून गेले. प्रसिद्धीची हाव सुटली, आई, म्हणून थाप मारली. तुमच्या मुलाचा खांदा मी रोज बघतो, सुतासारखा सरळ आहे. पॅड तर सगळ्याच कोटांना असतात. झोपायच्या शर्टाचं तर निव्वळ हसवायला सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज छान लागला होता, मध्ये एकदा गळाही भरून आला. आईने मध्ये एकदाही अडवलं नाही. त्यांचं संपल्यावर ती उठली, आतून एक पांढरा शर्ट आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन आली, आणि त्यांच्यासमोर बसून शर्टाच्या डाव्या खांद्याची आतली शिवण तिने उसवली. सात-आठ टाके. पॅड बाहेर काढून मास्तरांच्या हातात ठेवलं.

"हे तुमचंच ना?"

मास्तरांनी ते उलटंपालटं केलं. त्यांचंच होतं. पण उसवलेले टाके त्यांचे नव्हते. लांब, बाळबोध धावदोरा होता. असे टाके त्यांनी पूर्वीही पाहिले होते. दुरुस्तीला आलेल्या शर्टांत ते दिसायचे, आणि ससाण्याचा धोबी नसत्या ठिकाणी हात घालतो म्हणून त्यांनी ड्रायव्हरला दोनदा झापलंही होतं.

"वेगळा राहायला लागल्यावर पहिल्यांदा तो इथे झोपला ना, बावीस वर्षांपूर्वी, तेव्हा सकाळी मी त्याचा शर्ट धुतला," आई म्हणाली. "जन्म कपडे धुण्यात गेला माझा. संध्याकाळपर्यंत सगळा शर्ट वाळला आणि एक बाजू वाळेना. हात घालून बघितलं तर कापूस. मग बसले खाली." तिने पॅड परत घेतलं, चिमटीत दाबून बघितलं. "ओला कापूस तसाच ठेवला तर गोळे होतात, टोचतो, वास येतो. म्हणून दर शुक्रवारी काढते, वेगळा वाळवते, पुन्हा घालते. त्याला माहीत नाही."

 तुम्ही सांगितलं का नाहीत, असं काहीतरी मास्तर पुटपुटले.

"काय सांगू? माझ्यासाठी तो बावीस वर्षं खांद्याला गादी बांधून झोपतोय. त्याला सांगू, उगाच झोपलास म्हणून?" ती म्हणाली. "त्याला वाटायचं, आईला वाटतं बरा झाला. मला वाटायचं, त्याला असं वाटतंय ते वाटू दे. आमचं चांगलं चाललं होतं मास्तर. जेवायचो, गप्पा मारायचो. तुम्ही सगळं टेबलावर आणून ठेवलंत. आता तो येत नाही, आणि मला ये म्हणता येत नाही."

तिने हे आवाज न चढवता सांगितलं, आणि मास्तर आणखीच खचले. घोकून आणलेली थाप, भरून आलेला गळा, आपण मोठा त्याग करतोय ही ऐट, हे सगळं त्या बाईने समोर बसून, पोराटोराचं ऐकावं तसं ऐकून घेतलं होतं. ते एका म्हाताऱ्या आईचा भ्रम वाचवायला आले होते आणि भ्रम तर तिला कधीच नव्हता. त्यांनी मोडलं होतं ते वेगळंच होतं. दोन माणसांनी एकमेकांसाठी बावीस वर्षं सांभाळलेलं होतं ते, आणि मोडायला त्यांना टाळ्यांची एवढीशी आशा पुरली होती. त्यांची मान जी खाली गेली ती वर येईना. माझ्या हातून पाप झालं, असं ते म्हणाले.

"ते झालं," आई म्हणाली. ती पॅड पुन्हा शर्टात बसवून टाके घालायला लागली होती. "आता एक करा. मला जे आत्ता सांगितलंत ना, तेच टीव्हीवर सांगा. थाप मारली म्हणा. आणि चांगलं म्हणा, सगळ्यांना पटेल असं. मी त्याला फोन करून सांगेन की तो शिंपी थापाड्या निघाला बाबा, मी उगाच घाबरले होते. माझा विश्वास बसलाय असं त्याला वाटलं म्हणजे झालं. मग तो येईल." मग तिने मान वर करून विचारलं, "हे जे मी आत्ता बोलले, ते?"

"कुणाला नाही," मास्तर म्हणाले. "बायकोलाही नाही."

आईने त्यांच्याकडे बघितलं. विश्वास ठेवावा असं काही त्यांनी आजवर केलं नव्हतं, आणि तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

मास्तरांचा निरोप मिळताच ती चलाख पोर दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन हजर झाली. या वेळी तिने हाताची तारीफ केली नाही. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की आपण खोटं बोललो. पुतळा जुना आहे, मांडणीवरून पडून वाकडा झालेला, ससाण्याचा नाहीच. कॉलरची कल्पना डिझायनरसाहेबांची. आपण फक्त चित्रावरून शिवतो. आणि झोपायचे शर्ट? तिने विचारलं. असले शर्ट जगात कुणी शिवत नाही, मास्तर म्हणाले, तोंडाला आलं ते बोललो. मग असं का केलंत, या तिच्या प्रश्नाला मात्र त्यांना काही रचावं लागलं नाही. म्हणाले, लोकांनी मला ओळखावं असं फार वाटत होतं.

तेवढंच एक वाक्य त्या मुलाखतीत खरं होतं, आणि लोक नेमके त्यालाच हसले.

पुढचं सांगायला नको. बिचारा म्हणणाऱ्यांनी आता मास्तरांवर तोंड टाकलं. जिन्यात कुणीतरी खडूने 'थापाडे शिवणकाम' असं लिहून गेलं. डिझायनरने मोठ्या मनाने क्षमा केल्याचं पत्रक काढलं. चष्मेवाल्याने ओळख दाखवणं सोडलं. दोघांतला एक कारागीर, चौदा वर्षांचा जुना, नजर चुकवत हिशोब मिटवून गेला. ससाण्याच्या कचेरीतून दोन ओळींचं पत्र आलं की यापुढे त्याचे कपडे दुसरीकडे शिवले जातील. ते यायलाच हवं होतं. खोटारड्या शिंप्याला ठेवून घेतला असता तर तो खोटारडा होता हे कुणाला पटलं असतं? बायकोने पत्र वाचलं. खांदा तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता, पॅडाचा कापूस कित्येकदा तिनेच पिंजला होता. ती म्हणाली, "अहो, मग हे काय?"

"काही विचारू नकोस," मास्तर म्हणाले. तिने विचारलं नाही. रात्री नाही की सकाळी नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि मास्तरांनी तिच्यापासून लपवलेली ही पहिलीच गोष्ट.

गुरुवारी दुपारी ससाणा आला, मागच्या जिन्याने. तोंडावरचा ताण उतरला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होता. आत येऊन त्याने पडदा ओढला आणि म्हणाला की आईचा काल फोन आला होता. चांगली अर्धा तास बोलली.

"तुमच्या नावाने खूप शिव्या घातल्या तिने," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. "म्हणाली, मला तो माणूस टीव्हीत बघूनच थापाड्या वाटला होता. आज जेवायला ये म्हणाली."

मास्तर 'बरं झालं' म्हणाले. त्याला एक शर्ट हवा होता, झोपायचा, नेहमीसारखा. जुने सगळे आईकडेच होते, आणि मधल्या दिवसांत तिने ते चाचपून पाहिले असतील या भीतीने त्यांच्यातला एखादा अंगात घालायला त्याला आज धीर होत नव्हता. कापलेला शर्ट मास्तरांकडे पडून होता, फक्त पॅड बसवायचं राहिलं होतं. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी सुई ओवली. आत लांब लांब टाके घातले, सात-आठच, एका बोटाने उसवता येतील असे.

ससाणा बघत होता. "टाके सैल नाहीत का झाले?"

"मऊ कापड आहे. घट्ट घातले तर टोचतं."

"मास्तर, तिला खरंच पटलं असेल का हो?" त्याने अचानक विचारलं. "ती साधी आहे, पण वेडी नाही. कधी कधी वाटतं..." 

मास्तरांच्या जिभेवर सगळं आलं. सज्ज्यातली दोरी, न वाळलेली बाजू, बावीस वर्षांचे शुक्रवार. हे सांगितलं तर हा माणूस इथे स्टुलावर बसून रडेल, आणि जगात त्याला हे सांगणारे फक्त आपण असू, हा विचारही आला. आलाच. एवढं सगळं होऊनही आला, आणि तो आल्याचं कळताच मास्तरांना स्वतःची अशी शरम वाटली की कान गरम झाले. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"पटलं असणार," ते म्हणाले. "मी चांगलं खोटं बोललो."

ससाण्याने शर्ट घडी करून काखेत घेतला. दाराशी जाऊन तो थांबला, जरा अवघडला. म्हणाला, की आईने बजावलंय, त्या माणसाच्या हातचं पुन्हा अंगाला लावू नकोस. तेव्हा हा शर्ट दुसऱ्या शिंप्याने शिवला असंच तिला सांगेन. तुम्ही राग मानू नका, आणि तुम्हीही कुणाकडे बोलू नका.

मास्तरांनी मान हलवली. तो जिना उतरून गेला, खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, बाहेरच्या खोलीत बायकोचं मशीन पुन्हा सुरू झालं, तरी त्यांना मान वर करवेना.